धोका ठेवावा, पण खूण करून

बहुतेक प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्याच्या हाती तयार होऊन येतात. लूप कसा लिहायचा, अट कशी घालायची, हे भाषेच्या कर्त्याने ठरवलेले असते आणि प्रोग्रामरने त्या चौकटीत राहून काम करायचे असते. लिस्प ही भाषा या बाबतीत लवकरच वेगळी पडली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीमध्ये तिच्यावर काम सुरू केले. लिस्पमधला प्रोग्राम कंसांत मांडलेल्या याद्यांचा बनलेला असतो, आणि माहिती साठवण्याची त्या भाषेतली मूळ रचनाही यादी हीच आहे. त्यामुळे एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला माहिती समजून वाचू शकतो, त्याचे तुकडे करू शकतो, ते नव्याने जुळवू शकतो. १९६३ साली टिमोथी हार्ट यांनी याच गुणाच्या आधारावर लिस्पमध्ये मॅक्रो आणले. मॅक्रो म्हणजे कोड चालण्याआधी त्याचे दुसऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम. तो लिहिता आला की भाषेत नसलेली रचना भाषेत आणता येते, आणि त्यासाठी कंपायलरला हात लावावा लागत नाही. जॉन फोडेरारो यांनी लिस्पला प्रोग्राम करता येणारी प्रोग्रामिंग भाषा म्हटले ते याच अर्थाने.

हे सामर्थ्य कामाचे आहे याचा पुरावा त्या भाषेच्या इतिहासातच आहे. १९८४ साली गाय स्टील यांच्या पुस्तकातून कॉमन लिस्पचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात ऑब्जेक्टची व्यवस्था नव्हती. ती पुढे झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आणि इतरत्र बहुतांशी लिस्पमध्येच रचली गेली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिस्पांवर ती लायब्ररी म्हणून चालली, लोकांनी वापरून पाहिली, तिच्यातले दोष काढले, आणि १९८८ मध्ये प्रमाणीकरण समितीने ती भाषेत घेतली. त्याच दशकात सी भाषेला ऑब्जेक्टची जोड देण्यासाठी ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांना सीफ्रंट नावाचा स्वतंत्र अनुवादक प्रोग्राम लिहावा लागला. वापरणाऱ्यालाच भाषा वाढवता येते तेव्हा नवी कल्पना आधी वापरात तावूनसुलाखून निघते आणि मग प्रमाण होते. पण ही मोकळीक देणाऱ्या सोयी धोक्याच्याही असतात. त्या ठेवायच्या की काढायच्या, हा वाद लिस्पच्या घराण्यात अनेक दशके चालला आहे, आणि आता तो इतर भाषांच्या दारातही आला आहे. मला या वादातली एक बाजू साक्षीपुराव्यानिशी पटते. धोक्याची पण उपयोगी सोय काढून टाकल्याने तिची गरज संपत नाही. ती सोय अशी ठेवावी की तिचा वापर कोडमध्ये नजरेला पडेल आणि चुकून होणार नाही.

आधी धोका नेमका काय आहे ते पाहू. दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल करणारा मॅक्रो घ्या. एक किंमत क्षणभर बाजूला ठेवायला त्याला तात्पुरते व्हेरिएबल लागते, आणि मॅक्रो लिहिणाऱ्याने त्याचे नाव 'टेम्प' ठेवले आहे. असा मॅक्रो वर्षानुवर्षे नीट चालतो. मग कोणीतरी तो स्वतःच्या 'टेम्प' नावाच्या व्हेरिएबलवर वापरतो. मॅक्रो उलगडल्यावर दोन्ही 'टेम्प' एकाच कोडमध्ये येतात, आतले बाहेरच्याला झाकते, आणि अदलाबदल होतच नाही. प्रोग्राम थांबत नाही, चुकीचा संदेशही येत नाही. दोन्ही किमती होत्या तशाच राहतात आणि परिणाम दूर कुठेतरी, भलत्याच आकड्याच्या रूपाने दिसतो. मॅक्रो लिहिणाऱ्याने आपला कोड कितीही वेळा तपासला तरी हा दोष त्याला सापडणार नाही, कारण तो मॅक्रो आणि त्याचा वापर यांच्या मधल्या जागेत आहे. कॉमन लिस्पचे यावरचे उत्तर शिस्तीचे आहे. जेनसिम नावाचे फंक्शन दुसऱ्या कोणाच्याही नावाशी जुळणार नाही असे नाव बनवून देते, आणि तात्पुरत्या व्हेरिएबलांसाठी तेच वापरावे असा दंडक आहे. दंडक विसरला तर भाषा आठवण करून देत नाही.

इंडियाना विद्यापीठातले यूजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मथियास फेलाइझेन आणि ब्रूस डुबा यांनी १९८६ साली यावर मुळातून उपाय मांडला. मॅक्रो उलगडताना प्रत्येक नाव कुठून आले, मॅक्रोच्या आतून की वापरणाऱ्याच्या कोडमधून, याची नोंद यंत्रानेच ठेवायची आणि दोन ठिकाणची सारखी नावे आपोआप वेगळी करायची. अशा मॅक्रोंना हायजीनिक मॅक्रो म्हणतात. लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीम या भाषेने ही कल्पना उचलली, आणि १९९८ च्या प्रमाणात मॅक्रो लिहिण्याची जी एकमेव पद्धत दिली ती पूर्णपणे हायजीनिक होती. नमुना द्यायचा, त्याचे रूपांतर द्यायचे. नावांचा घोटाळा होणारच नाही. कागदावर ही गोष्ट निर्विवाद सुधारणा दिसते, आणि सर्वसाधारण मॅक्रोंच्या बाबतीत ती आहेच.

अडचण अशी की नावांचे हे झाकले जाणे कधी कधी हवे असते. स्वतःचा लूप रचणाऱ्याला वाटते की लूपच्या आत 'ब्रेक' लिहिले की लूप सुटावा. हे 'ब्रेक' मॅक्रोने पुरवायचे आहे आणि वापरणाऱ्याच्या कोडला ते दिसायला हवे आहे. म्हणजे मॅक्रोच्या आतल्या नावाने बाहेरच्या कोडमध्ये जाणूनबुजून शिरायचे आहे. पॉल ग्रॅहम यांनी १९९३ च्या 'ऑन लिस्प' या पुस्तकात अशा मॅक्रोंचे एक अख्खे कूळ दाखवले आहे. त्यातला एक मॅक्रो अटीचे उत्तर 'इट' या नावाने आतल्या कोडला आपोआप उपलब्ध करून देतो. १९९८ च्या स्कीममध्ये ही साधी गोष्ट सरळपणे लिहिता येत नव्हती. मग झाले असे की स्कीमच्या निरनिराळ्या कंपायलरांनी आपापली, एकमेकांशी न जुळणारी खालच्या पातळीची मॅक्रो पद्धत चालू ठेवली, आणि ज्यांना गरज होती त्यांचा कोड एका स्कीमवरून दुसऱ्या स्कीमवर नेता येईनासा झाला. शेवटी २००७ च्या प्रमाणात सिंटॅक्स-केस ही पद्धत अधिकृतपणे आली. त्यात मॅक्रो हायजीनिकच असतो, पण डेटम-टू-सिंटॅक्स नावाचे फंक्शन मुद्दाम वापरले तर ते बंधन त्या एका नावापुरते सोडता येते. स्कीमचे लोक नेटकेपणाबद्दल अतिशय आग्रही. त्यांनी धोक्याची सोय काढून पाहिली आणि नऊ वर्षांत ती परत घेतली, फक्त परत घेताना तिला लांबलचक नाव दिले. मला या वादातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेल्या क्लोजर या लिस्पने तोच प्रश्न आणखी कमी खर्चात सोडवला. तिथे मॅक्रोच्या साच्यात लिहिलेल्या प्रत्येक नावाला ते ज्या नेमस्पेसमधले आहे तिचे नाव आपोआप जोडले जाते, आणि अशा जोडनावाने स्थानिक व्हेरिएबल बनवायला भाषा परवानगी देत नाही. त्यामुळे जो घोटाळा कॉमन लिस्पमध्ये गुपचूप होतो तो क्लोजरमध्ये ताबडतोब चूक म्हणून समोर येतो. तात्पुरते नाव हवे असेल तर नावाच्या शेवटी एक चिन्ह लावायचे, की जेनसिमचे काम आपोआप होते. आणि नाव खरोखरच बाहेरच्या कोडमध्ये शिरवायचे असेल तर आधी दोन विशेष चिन्हे लिहावी लागतात. ती कोणाच्या हातून चुकून पडत नाहीत. कोड तपासणाऱ्याला ती दिसली की तो थांबून विचारतो, हे इथे कशाला? विळीचे पाते बोथट करून घर सुरक्षित होत नाही. काम झाले की पाते मिटवून ठेवायचे असते. क्लोजरने मॅक्रोचे पाते असे मिटते केले.

डायनॅमिक स्कोपची कथा याहून जुनी आहे. सुरुवातीच्या लिस्पांत फंक्शनमधल्या नावाची किंमत त्या फंक्शनला कोणी बोलावले यावर ठरत असे. फंक्शन वाचून त्याचा अर्थ पूर्ण कळत नसे, कारण बोलावणारा कोणीही असू शकतो. १९७५ मध्ये स्कीमने ही प्रथा मोडली आणि नावाचा अर्थ ते जिथे लिहिले आहे तिथेच ठरवला. आज जवळजवळ सगळ्या भाषा असेच करतात. पण रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ साली ईमॅक्स या मजकूर-संपादन प्रोग्रामबद्दल लिहिताना जुन्या प्रथेची बाजू मांडली होती, आणि तिच्यात तथ्य होते. वापरणाऱ्याला ज्या प्रोग्रामची वागणूक बदलायची आहे त्याचा लेखक तो बदल आधीच ओळखू शकत नाही. अशा वेळी एखादी किंमत थोड्या काळापुरती बाहेरून बदलता येणे फार उपयोगाचे असते. कॉमन लिस्पने दोघांचेही ऐकले. साधी व्हेरिएबले नव्या पद्धतीने वागतात, आणि जी जुन्या पद्धतीने वागावीत ती वेगळी जाहीर करावी लागतात. त्यांच्या नावाच्या दोन्ही बाजूंना तारका लावायची रीत आहे. प्रोग्रामच्या एका भागाची सगळी छपाई पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवायची असेल तर तारकांमधले एक नाव तेवढ्यापुरते बदलले की पुरते, आणि तो भाग संपताच जुनी किंमत आपोआप परत येते. तारका ही केवळ रीत आहे, कंपायलर ती सक्तीने पाळायला लावत नाही. तरीही सगळे ती पाळतात, आणि तारकांचे नाव दिसले की वाचणारा सावध होतो. ईमॅक्सच्या स्वतःच्या लिस्पने २०१२ मध्ये नवी पद्धत आणली तेव्हाही जुनी व्हेरिएबले जाहीर करून वापरण्याची सोय कायम ठेवली.

आता गोटूबद्दल, म्हणजे प्रोग्राममध्ये एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेण्याच्या आज्ञेबद्दल, थोडक्यात. एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे १९६८ चे प्रसिद्ध पत्र गोटूच्या विरोधात होते आणि त्यांचे निदान बरोबर होते. कॉमन लिस्पमध्ये मात्र गोटू आजही आहे, आणि लिस्पचे प्रोग्रामर तो हाताने क्वचितच लिहितात. तो आहे कारण यादीवरून फिरणारे, मोजणी करणारे नेहमीचे लूप हे मॅक्रो आहेत आणि ते उलगडल्यावर खाली गोटूच निघतो. कोणाला नव्या धाटणीचा लूप रचायचा असेल तर त्यालाही तोच पाया मिळतो. ज्या भाषेत वापरणाऱ्याला नव्या रचना करता येत नाहीत तिथे गोटू काढण्याचे समर्थन सोपे आहे. जिथे करता येतात तिथे खालचा कच्चा माल काढला की वरच्या नेटक्या वस्तूही बनत नाहीत.

यावर गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की दरवर्षी त्यांच्या उत्पादनांत नोंदवल्या जाणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. त्या बहुतांशी सी आणि सी++ मधल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या प्रोग्रामरांना सावध राहा म्हणून सांगितले गेले, तरी हा आकडा खाली आला नाही. मग धोक्याची सोय ठेवून शहाणपणावर विसंबणे हा भाबडेपणा नाही का? आक्षेप खरा आहे, आणि नुसत्या शिस्तीची बाजू घेणाऱ्याला तो गप्प करतो. पण सीमध्ये धोका कुठे आहे? तो सगळीकडे आहे. प्रत्येक पॉइंटर, प्रत्येक अ‍ॅरे तितकाच धोक्याचा, आणि कुठल्याही ओळीवर खूण नाही. या त्रुटी टाळण्यासाठी पुढे आलेल्या रस्ट भाषेने, जिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली, धोका काढला नाही. तिने 'अनसेफ' हा शब्द दिला. कच्चे पॉइंटर वापरायचे तर ते त्या शब्दाखालच्या चौकटीतच वापरता येतात. रस्टमधली वाढणारी यादी आतून याच चौकटींवर उभी आहे, आणि बाहेरून ती वापरणाऱ्याला त्या लिहाव्या लागत नाहीत. मेमरीचा घोटाळा झाला तर शोध कुठून सुरू करायचा हे माहीत असते. तेव्हा ७० टक्क्यांचा आकडा माझ्या मते न खुणावलेल्या धोक्याविरुद्धची साक्ष आहे.

याच कसोटीवर कॉमन लिस्प एका ठिकाणी नापास होते, आणि तिथे तिची बाजू घेता येत नाही. लिस्पचा वाचक, म्हणजे मजकूर वाचून त्याच्या याद्या बनवणारा भाग, दोन विशेष चिन्हे दिसली की त्यापुढचा कोड वाचतानाच चालवतो. स्वतःच्या फाइलींसाठी हे फार सोयीचे आहे. पण तोच वाचक बाहेरून आलेली माहिती वाचायलाही वापरला जातो, आणि मग अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर तुमच्या यंत्रावर काहीही करू शकतो. ही सोय बंद करणारे व्हेरिएबल आहे, पण मुळात ती चालू असते. बंद करायचे ज्याला सुचले नाही तो उघडा पडतो. याच जातीची चूक इतरत्रही महागात पडली. जानेवारी २०१३ मध्ये रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये उघड झालेली मोठी त्रुटी बाहेरून आलेल्या यामल मजकुरातून हवे ते ऑब्जेक्ट बनवता येण्यामुळे होती. क्लोजरमध्येही लिस्पसारखाच वाचक होता. त्याच वर्षी तिथे केवळ माहिती वाचणारा आणि कोड कधीच न चालवणारा वेगळा वाचक आला. जुना वाचक गेला नाही, पण परक्या मजकुरासाठी कुठला वापरायचा हे स्पष्ट झाले. खूण धोक्याच्या बाजूला हवी. ती सुरक्षिततेच्या बाजूला लावली की विसरभोळ्याच्या वाट्याला धोकाच येतो.

दुसरा आक्षेप वाचनीयतेचा. प्रत्येकाने आपली रचना भाषेत घातली तर दहा जणांच्या गटात दहा बोली तयार होतात, आणि नवा माणूस कोड वाचायला बसला की त्याला आधी त्या बोली शिकाव्या लागतात. ही किंमत खरी आहे. फंक्शनने काम भागत असेल तर मॅक्रो लिहू नये हा लिस्पवाल्यांचाच जुना नियम आहे, तो याचसाठी. पण मॅक्रो नसलेल्या भाषांत बोली तयार होत नाहीत असे नाही. तिथे त्या लांबलचक कॉन्फिगरेशन फाइलींत, कोड निर्माण करणाऱ्या बाहेरच्या साधनांत आणि प्रोग्राम चालू असताना त्याची रचना बदलणाऱ्या फ्रेमवर्कांत तयार होतात. मॅक्रो निदान उलगडून पाहता येतो: कंपायलरला विचारले की तो खालचा कोड दाखवतो.

नासाच्या डीप स्पेस १ या यानावर या सगळ्याची कठोर परीक्षा झाली. मे १९९९ मध्ये रिमोट एजंट हा कॉमन लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम त्या यानाचे नियंत्रण स्वतः करत होता. त्याचा आज्ञा पार पाडणारा भाग ईएसएल नावाच्या, लिस्पवरच मॅक्रोंनी रचलेल्या खास भाषेत होता. एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांनी एकमेकींची वाट अडवू नये अशी तिची रचना होती. तरी दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम नेमका तसाच अडकला. ईएसएल घडवणाऱ्या अभियंत्याने नंतर दिलेल्या हकिगतीनुसार, एका ठिकाणी तिचा संरक्षक थर ओलांडून खालचे लिस्प फंक्शन थेट बोलावले गेले होते. धोक्याच्या सोयींचे विरोधक हे उदाहरण आपल्या बाजूने देऊ शकतात, आणि अर्धे बरोबर ठरतात. पण दोष शोधायला उपयोगी पडली ती यानावर चालू असलेली लिस्पची संवादी सोय. पृथ्वीवरून तिच्यामार्फत चालत्या प्रोग्रामची आतली स्थिती विचारता येत होती, आणि अशी सोय अंतराळयानावर ठेवणे हाच अनेकांच्या मते वेडा धोका ठरला असता. २१ मे रोजी उरलेली चाचणी झाली आणि प्रयोगाची सर्व उद्दिष्टे पूर्ण झाली. थर ओलांडणाऱ्या त्या एका ओळीवर काही खूण असती तर ती उड्डाणाआधीच कोणाच्या तरी डोळ्यांत खुपली असती.

मग काही काढूच नये का? काढावे, पण त्याच्या अटी आहेत. जुन्या लिस्पांत फेक्स्प्र नावाची सोय होती: फंक्शनला त्याची माहिती न उकलता, कच्च्या कोडच्या रूपात मिळे, आणि ती उकलायची की नाही हे ते फंक्शन चालतानाच ठरवी. १९८० साली केंट पिटमन यांनी दाखवून दिले की एखादे नाव फेक्स्प्र आहे की साधे फंक्शन हे कंपायलरला आधी कळत नाही, म्हणून तो कुठल्याच कोडबद्दल निश्चितपणे काही म्हणू शकत नाही. आणि ज्यासाठी लोक फेक्स्प्र वापरत ती कामे मॅक्रोंनी होतात. धोका एका जागेत कोंडता येत नव्हता आणि पर्याय हाती होता. या दोन अटी पुऱ्या होत होत्या, म्हणून कॉमन लिस्पने फेक्स्प्र घेतले नाहीत ते योग्यच केले.

जावाने याच दोन अटी शिकायला बराच काळ घेतला. १९९५ मध्ये ती भाषा आली तेव्हा पॉइंटर नसणे हे तिचे मोठे भूषण होते. पण वेगवान लायब्ररी लिहिणाऱ्यांना मेमरीला थेट हात लावायचाच होता, आणि भाषेच्या आतल्या कामासाठी असलेला अनसेफ नावाचा वर्ग त्यांनी शोधून काढला. तो अधिकृत नव्हता, तरी मोठमोठ्या लायब्ररी त्यावर उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये जावा ९ ने आतले बरेच वर्ग बाहेरच्यांना बंद केले, तेव्हा अनसेफ मात्र उघडा ठेवावा लागला, कारण तो बंद केला असता तर निम्मे जग थांबले असते. त्यानंतर जावाच्या लोकांनी क्रम सुधारला. आधी त्याच कामांसाठी तपासलेल्या, अधिकृत सोयी दिल्या, त्यातली परकी मेमरी हाताळण्याची सोय २०२४ मध्ये जावा २२ बरोबर पक्की झाली. मग जावा २३ मध्ये अनसेफच्या मेमरीविषयक पद्धती पुढे काढून टाकल्या जातील असे जाहीर केले, आणि मार्च २०२५ च्या जावा २४ पासून त्यांतली एखादी पहिल्यांदा वापरली की प्रोग्राम चालताना इशारा छापला जातो.